हंगामाबाहेरचा नवरा

जत्रेची हलगी वाजायला लागली की गावातल्या बायका दारापुढं सडा टाकतात, पोरं नव्या कपड्यांचा हट्ट धरतात आणि मी चिडते. दर चैत्राचं आहे हे. पुतण्याची बायको म्हणते, काकू, आता ह्या वयात हलगीवर कशाला चिडायचं. तिला काय जातंय म्हणायला. तिचा नवरा बाराही महिने घरात झोपतो.

आमचे पैलवान दिवाळी झाली की अंथरूण काखेत मारून घराबाहेर पडतात आणि मृग निघाला की परत आत येतात. तरणे होते तेव्हा तालमीत जायचे, आता अंगणातल्या छपरीत जातात, एवढाच काय तो फरक. कुस्ती सुटून पन्नास वर्षं होत आली. गुडघे गेले. कानाच्या पाळ्या मोडून त्यांच्या गाठी झाल्यात. पण दिवाळीच्या पणत्या धुऊन फडताळात ठेवल्या की हंगाम लागला, आणि हंगाम लागला की पैलवानानं बायकोच्या घरात पाठ टेकायची नाही, हा नेम. वस्तादांनी घालून दिलेला. वस्ताद गेले, तालीम गेली, नेम तेवढा राहिला.

मी नवऱ्याला पैलवान म्हणते याचं कुणी हसू करू नये. आमच्या वेळी नाव घ्यायची रीत नव्हती, आणि ह्यांचं नाव तर गावही विसरलं होतं. मतदानाच्या दिवशी यादीतलं नाव पुकारलं की हे उभेच राहायचे, कुणीतरी कोपरानं ढोसावं लागायचं. लग्नात उखाण्यात एकदा काय ते नाव घेतलं, त्यानंतर माझ्याही तोंडी पैलवानच बसलं.

मी तेरची. तेरणेच्या काठी, टेकाडाखाली आमचं घर. पावसानं माती धुपली की टेकाडावर जुन्या काळचे मणी वर यायचे, आम्ही पोरी ते वेचून ओवायचो. सातवी झाले आणि लग्न ठरलं. मुलगा लोहाऱ्याकडचा, शेती कोरडवाहू, अंगानं मात्र डोळे भरून बघावा असा, असं वडलांनी आईला सांगितलेलं मी कवाडाआडून ऐकलं. लग्न ज्येष्ठात लागलं. ऐन पेरणीच्या तोंडावर कुणी लग्न काढतं का, म्हणून आई कुरकुरत होती. फार नंतर मला कळलं की ती तिथी भटजींनी नाही, वस्तादांनी काढली होती. हंगाम संपल्याशिवाय नवरदेव मोकळा होत नव्हता.

त्या पावसाळ्यात मी सुखात होते. हे मोठ्यानं सांगायची सवय नाही आमच्याकडं, पण होते. एवढा दांडगा माणूस, पण घरात पाय न वाजवता चालायचे. मी केर काढत आले की वाटेतलं जातं एका हातानं उचलून धरायचे आणि म्हणायचे, काढ खालचं. एकदा सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा जोंधळ्याच्या पोत्यावर त्यांनी मला ढाक शिकवली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याचा हात काखेत दाबायचा, खांदा वळवायचा आणि त्याला पाठीवरून पलीकडं टाकायचं. सगळा जीव खांद्यात, असं म्हणायचे. मी पोतं टाकायला गेले आणि पोत्यासकट पडले. हसून हसून आमच्या डोळ्याला पाणी आलं. सासूबाई परत आल्या तर घरभर जोंधळा सांडलेला.

दिवाळीच्या पाडव्याला मी ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे अंथरूण गुंडाळतायत. मला वाटलं, उन्हात टाकायला निघाले असतील. मी म्हटलं, द्या, मी टाकते. त्यांनी दिलं नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, आता मृगाला येईल तो. जसं काही माणूस नाही, पेरणीचं नक्षत्रच आहे. मी आपली उंबऱ्यात उभी. लग्नाला पुरते सहा महिनेही झाले नव्हते.

मग कळत गेलं. हंगामात पैलवान घरचा नसतो, मातीचा असतो. घरी आला तर ताकद उतरते, ध्यान फुटतं, माती रुसते, असं तालमीतले सगळे मानायचे, आणि त्यांच्या बायकाही मानायच्या. ओढ्यावर धुणं धुताना बायका मला चिडवायच्या, तुझी सवत लाल रंगाची गं बाई. मीही दात काढायची. हसावं लागतं, नाहीतर चार बायकांत बसायची सोय राहत नाही.

पैलवान एका घराला पोसवत नाही. तो गावानं पोसायचा असतो. ज्याच्या दारी दुभतं जनावर त्याचा एक वार, अशी आमच्या गावची रीत होती. सोमवारी पाटलांचं दूध, मंगळवारी कुंभाराचं, शनिवारी बौद्धवाड्यातून शेळीचं यायचं आणि त्याला वस्ताद सगळ्यात जास्त मानायचे. ज्याचा वार त्यानं तांब्याभर निरसं दूध तालमीच्या दाराशी नेऊन द्यायचं. वार चुकला तर त्या घरावर गाव बोट ठेवायचं. आमच्या म्हशीचा वार गुरुवार. पहिली काही वर्षं सासूबाई जायच्या, मग त्यांना दिसेनासं झालं आणि गुरुवार माझ्याकडं आला.

तालमीचा उंबरा बाईनं ओलांडायचा नाही. बाहेर एक दगड होता, त्याच्यावर तांब्या ठेवायचा, कडी वाजवायची आणि मागं सरून उभं राहायचं. आतून हे यायचे. अंगभर तांबडी माती, त्या मातीला हळदीचा न् ताकाचा वास. उभ्यानं तांब्या तोंडाला लावायचे आणि रिकामा करून दगडावर ठेवायचे. बोलायचं नाही. पण तांब्या उपडा ठेवला तर सगळं ठीक आहे आणि सुलटा ठेवला तर काहीतरी दुखतंय, असं आमच्यात होऊन बसलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. सुलटा तांब्या दिसला की मी घरी येऊन राईचं तेल कढवायची आणि पुतण्याच्या हाती पाठवून द्यायची. माझा हंगामातला संसार म्हणजे हा, गुरुवार ते गुरुवार.

कुस्त्यांचं मैदान बायकांना बघायला नव्हतं. आम्ही माळवदावर चढून बसायचो. तिथनं नुसती धूळ दिसायची आणि फेट्यांची गर्दी. पण हलगी ऐकू यायची आणि हलगीत सगळं कळायचं. एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी चालली की हलगी सावकाश, डाव बसला की तिचा श्वास चढतो, आणि आपला माणूस जिंकला की ती वेडीच होते. वर्षानुवर्षं ती आमच्या बाजूनं वेडी झाली. मग वाजतगाजत त्यांना घरासमोर आणायचे, मी उंबऱ्यात उभी राहून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि ते त्या गर्दीसकट तसेच तालमीकडं निघून जायचे. माझ्या भाकरतुकड्यानं दृष्ट उतरलेला माणूस माझ्याच घरात येत नव्हता.

एका पावसाळ्यात मी धीर केला. म्हटलं, एक साल हंगामात घरी राहा, एकच साल. मला काही दुसरं नको. नवऱ्याबरोबर संक्रांत कशी असते, होळीची पोळी त्याच्या ताटात कशी वाढतात, ते मला बघायचंय. ते हसले. मग म्हणाले, थोडी सालं ऱ्हायलीत, मग तुझाच हाय. मी त्या शब्दावर राहिले. आयुष्यात मी जे काही मागितलं ते एवढंच.

मिळालं. ते कसं मिळालं, हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

बहात्तर साल. त्याच्या आधलं सालही कोरडंच गेलं होतं, पण ते कसंबसं ढकललं. बहात्तरला आभाळ नुसतं पांढरं राहिलं. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं वर आलं नाही. ओढ्याच्या पोटात झिरे खणून बायका वाटीनं पाणी भरायला लागल्या. जनावरं आधी निघाली. कुणी बाजारात नेली, कुणी पाहुण्यांकडं बांधली, काहींनी दोर सोडून नुसतंच तोंड फिरवलं. दूध वारावारानं आटत गेलं. सोमवार गेला, मंगळवार गेला, शेळ्या काही दिवस टिकल्या म्हणून शनिवार टिकला, मग तोही गेला. शेवटी आमचा गुरुवार तेवढा उरला. आमच्या म्हशीनं शेवटचं दूध दिलं तेव्हा तांब्या अर्धाही भरेना. त्यात पाणी घालावं असं मनात आलं, पण पाणी तरी कुठून आणायचं.

तालमीची माती रोज ओली ठेवावी लागते. नाही ठेवली तर तिचा दगड होतो आणि पडणाऱ्याची कातडी सोलून निघते. चाँदसाहेब वस्ताद म्हातारे झाले होते. मेंदी लावलेली दाढी, आवाज बारीक, पण त्यांनी मान हलवली की एवढाले पैलवान खाली बघायचे. त्यांनी एके दिवशी सगळ्यांना कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसवलं आणि विचारलं, "मातीला पाणी पाजू का पोरान्ला?" सगळे मातीकडं बघायला लागले. "जावा बेटे," म्हणाले, "आपापल्या घरी जावा." आणि तालमीला कडी घातली.

माघ महिना होता. मी मिलोचं पीठ मळत होते, ती तांबडी परदेशी ज्वारी, जिची भाकरी वळता वळता फुटायची. दारात अंधार झाला म्हणून वर बघितलं तर हे उभे. अंथरूण काखेत. मी एवढी घाबरले की तोंडातून निघून गेलं, कोण वारलं? ते म्हणाले, कुणी न्हाई. आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले.

मला आनंद झाला. लोक भाकरीला महाग झाले होते आणि मला आनंद झाला. झाला तर झाला, आता कुणाला भिऊ? त्या साली मी होळीला पोळी केली, मिलोची, गुळाचा नुसता वास लावलेली, आणि त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी खाल्ली. पण ते घरात असूनही दाराकडं तोंड करून बसायचे. माणूस घरी आला नव्हता, त्याला तिकडून उठवलं होतं, हे मला थोड्याच दिवसांत उमगलं.

मग दुष्काळी कामाला लागलो, रस्त्याच्या खडीवर. वस्तादांनी पैलवानाला ओझं आणि हातोडा कायमचा मना केलेला. हातोड्यानं अंग आखडतं, पकड जाते, असं त्यांचं म्हणणं. पण वस्ताद स्वतःच छावणीवर जनावरांना पाणी पाजायला लागले होते, मग कोण कुणाला सांगणार? सगळ्या टोळ्यांना हे आपल्या टोळीत हवे असायचे. एकटा माणूस तिघांची खडी पाडायचा. आणि दुपारी सरकारी पिठाची सुकडी वाटली जायची तेव्हा त्याला एकाचीच मिळायची.

दुधातुपावर उभं केलेलं ते अंग दुष्काळात कुठं ठेवायचं? माझं मी कसंही भागवत होते. बारक्या कुडीला भागवता येतं. ते सुकडी खाऊन हात झटकायचे आणि पातेल्याकडं नजर जाऊ नये म्हणून तिकडं पाठ करून, कुणाकडंच न बघता बसायचे. मी अर्धी भाकरी पुढं सरकवायची, म्हणायची, माझं झालंय. खोटं बोलतेय हे त्यांना कळायचं, आणि तरी ते खायचे. मान वर न करता खायचे. मैदानात हजार माणसांपुढं छाती काढून उभा राहणारा माणूस अर्ध्या भाकरीपुढं लाजताना मी बघितलाय. तसं कुणाला बघायची वेळ येऊ नये.

त्याच चैत्रात मला दिवस राहिले. इतक्या वर्षांत कधी नाही ते. खडीवरच, बाभळीच्या विरळ सावलीत मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला. त्या सालात मी त्यांना तेवढं एकदाच हसताना बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझा हातोडा त्यांनी काढून घेतला, मला सावलीत बसवायचे आणि स्वतःची खडी झाली की माझी फोडायला बसायचे. मुकादमानं हरकत घेतली तर म्हणाले, ढीग मोज, हात मोजू नको. उजवा खांदा तिथं धरला. संध्याकाळी हात वर जाईना, मी लोटा धरायची तेव्हा तोंडावर पाणी घ्यायचे. मी म्हणायची, राहू द्या माझी खडी. ऐकतात कसले.

मूल राहिलं नाही. ज्येष्ठात गेलं, उन्हानं म्हणा, उपासानं म्हणा. सुईण म्हणाली, परत राहील, तरणी हाईस. राहिलं नाही. त्यावर अजून काही लिहायला गेले तर हात थांबतो, म्हणून पुढं जाते.

पाऊस आला, पुढच्या साली रानं हिरवी झाली, आणि दिवाळीनंतर तालमीची कडी निघाली. ह्यांनी अंथरूण उचललं. दुभती जनावरं गावात मोजकीच उरली होती, तेव्हा वारही मोजकेच. शनिवार नव्हता, सोमवार कधी यायचा कधी नाही. मी मात्र गुरुवार चुकू दिला नाही, शेजारणीकडून मागून नेलं पण नेलं. तांब्या सगळा हंगाम सुलटा राहिला. मी तेल पाठवत होते. तेलानं खांदा सुटत नव्हता.

चैत्रात जत्रा भरली. शेवटची कुस्ती ह्यांची, सोलापूरकडच्या एका तरण्या गड्याबरोबर. आम्ही माळवदावर. हलगी सावकाश चालली होती, मग चढली, आणि मी उठून उभी राहिले, कारण मला कळलं की हे ढाकेला निघाले. एवढ्या वर्षांत त्या चढण्यानंतर काय येतं ते मला पाठ होतं. आणि हलगी थांबली. वेडी झाली नाही, सावकाश झाली नाही, थांबली. नंतर पलीकडच्या अंगानं परक्या गावची हलगी वाजायला लागली. शेजारची बाई माझा हात धरून म्हणाली, खाली चल. मी म्हटलं, थांब, जरा बसू दे.

त्या दिवशी मिरवणूक नव्हती. मी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी राहिले तरी. कुणी आलं नाही, शेवटी तो तुकडा कुत्र्याला घातला.

पुढच्या गुरुवारी दूध नेलं. कडी वाजवली, हे आले, प्याले. आणि मी नेम मोडला, बोलले. म्हटलं, "खांदा धरलाय तुमचा. खडीनं धरलाय. ढाक कशी लागंल?"

ते तांब्याच्या तळाकडं बघत म्हणाले, "खांद्याचं काय न्हाई. त्या साली म्या हंगामात घरी आलो. तिथंच हरलो."

तांब्या ठेवला आणि आत गेले.

उपास नाही, हातोडा नाही, दोन दोन वर्षं दूध न मिळालेलं अंग नाही, समोरचा गडी दहा वर्षांनी लहान होता हेही नाही. घर. माझं घर त्यांना भोवलं होतं. ज्या सालाला ते चूक म्हणत होते, त्या सालात माझा सगळा संसार होता. एक होळी होती, एक संक्रांत हुकली तरी पुढची येईल अशी आशा होती, आणि माझं लेकरू होतं, जे जन्मलं नाही. ते सगळं त्यांनी एका वाक्यात हरल्याच्या खात्यात टाकलं. मला मारलं असतं तर सोसलं असतं.

ते परत मैदानात उतरले नाहीत. मला वाटलं, आता तरी. दिवाळी झाली आणि त्यांनी अंथरूण उचललं. म्हटलं, आता कसला हंगाम? म्हणाले, एकदा मोडला, परत न्हाई मोडायचा. मी भांडले. दोन दिवस चूल पेटवली नाही. वस्तादांकडं गेले, उंबऱ्याबाहेरून रडले. म्हातारा माणूस, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ह्यांना बोलावून समजावलं की नेम लढणाऱ्याला असतो, बेटा, तू आता मोकळा. ह्यांनी वाकून पाय धरले आणि अंथरूण तालमीतच टाकलं. पैलवानाला शिकवणं सोपं, त्याच्याकडून शिकलेलं काढून घेणं वस्तादालाही जमलं नाही.

पुढं ऐंशीनंतर गावात दूध संस्था निघाली. बरं झालं, मी उगीच नावं ठेवणार नाही. गावातल्या पोरी शाळेत गेल्या त्या दुधाच्या पैशावरच. मीसुद्धा तोवर बालवाडीत शिकवायला लागले होते आणि दारात म्हैस बांधली होती. पण संस्थेला जागा पाहिजे होती आणि गावात रिकामी इमारत एकच. चाँदसाहेब वस्ताद वारले होते, तालमीत उतरायला पोरं राहिली नव्हती. हौद्यातली माती उपसून काढली, वर शहाबादी फरशी बसवली, काटा मांडला. पैलवानांना तिथंच घेतलं, कॅन उचलायला. एवढं अंग उगीच बसून कशाला राहू द्यायचं, असं चेअरमन म्हणाले, आणि ते चांगल्या मनानंच म्हणाले.

पहिल्या दिवशी मी चरवी घेऊन गेले. पुढं बायकांची रांग, सगळ्या बिनघोर आत जातायत. मी उंबऱ्यापाशी आले आणि पाय उचलेना. मागची म्हणाली, अगं सरक की, दूध नासंल. गेले आत. जिथं हे मातीला वाकून सलामी द्यायचे असं ऐकलं होतं, तिथं काटा होता. ह्यांनी माझ्या हातातली चरवी घेतली, दूध मापात ओतलं, मापातून कॅनमध्ये, आणि चरवी परत देताना सगळ्यांना म्हणत होते तसंच मलाही म्हणाले, पुढं चला. मी बाहेर येऊन त्या जुन्या दगडावर बसले. लोक विचारायला लागले, चक्कर आली का?

गावाचं सगळं दूध रोज त्यांच्या हातून जायचं. भरलेले कॅन खांद्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवायचे, डाव्या खांद्यावर. तरणी पोरं थट्टा करायची, पैलवान, बोट तरी बुडवा. ते हसल्यासारखं करायचे. थेंब कधी तोंडात घेतला नाही. घरी दुधाचा चहासुद्धा सोडला होता. मी एकदा रागानं म्हटलं, एवढं सोडलंत तर हेही सोडा की, बाहेर झोपणं.

हौद्यातली माती गाड्यांनी रानात नेऊन टाकली होती. ह्यांनी पोती भरभरून आणली आणि आमच्या छपरीत पसरली. तालीम गेली म्हणून अंथरूण घरात येईल ही माझी शेवटची आशा होती, तीही त्या मातीसकट छपरीत गेली. भूकंपात जुनं गाव पडलं, नवीन गावात पक्की घरं मिळाली, तेव्हा ढिगाऱ्यातून भांडी काढायच्या आधी ह्यांनी माती काढली. नव्या अंगणात पत्र्याची छपरी उभी केली आणि खाली ती माती. सगळे म्हणाले, बाई, मन गुंतलेलं असतं माणसाचं. असतं ना. माझंही गुंतलेलं होतं.

लोक म्हणतात वेळेनं सगळं निवतं. माझं निवलं नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत अंगणात त्यांचा खोकला ऐकू येतो आणि मी आत एकटी पडलेली असते, तेव्हा मला अजून तसाच राग येतो, पंचविशीतला. एका माणसानं चुकीचा हिशेब मांडला आणि दोघांचं आयुष्य त्यात गेलं. पावसाळ्यात ते आत यायचे हे खरं, पण पाहुण्यासारखे, भिंतीकडं तोंड करून. ढाक शिकवताना पोतं सांडणारा माणूस बहात्तरला जो गेला तो गेलाच. हंगामाबाहेरचाही नवरा मला राहिला नाही.

गेल्या दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नाही. म्हणजे अलीकडचं आठवत नाही. संस्था, भूकंप, पुतण्याची पोरं, काही नाही. दूध मात्र परत प्यायला लागले. संध्याकाळी मी पितळी तांब्यात नेऊन देते, पिशवीतलं असतं, पण त्यांना कळत नाही. विचारतात, आज कुणाचा वार? मी म्हणते, पाटलांचा, कुंभाराचा, बौद्धवाड्याचा. ऐकून मान हलवतात, समाधान वाटतं. त्यातल्या किती घरांत आता जनावरच नाही, माणूसही नाही. माझ्याशी आदरानं बोलतात, परकी म्हातारी समजून.

यंदा मृग निघाला आणि ते आत आले नाहीत. मी वाट बघितली, मग बोलवायला गेले, तर म्हणाले, हंगाम हाय. आर्द्रा लागल्या. परवा गुरुवार होता. छपरीच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं, मी डोक्यावर पोतं घेऊन तांब्या नेला. प्याले आणि विचारलं, आज कुणाचा वार?

मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "तुमच्याच घरचा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. एवढ्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. मग आवाज खाली करून, तालमीतलं कुणी ऐकेल असं वाटून म्हणाले, "मावशी, तिनं का न्हाई आणलं? बरी हाय न्हवं ती?"

मी म्हटलं, बरी आहे.

"तिला निरोप द्या," म्हणाले. "म्हणावं, मृग निघाला की येतो."

म्हटलं, सांगते. त्यांनी तांब्या सुलटाच ठेवला होता. मी तो उचलला आणि घरात आले.